शब्दशंका : ‘स्वाध्याय’ हा नेमका कोणाचा अध्याय?

प्रश्न : माझ्या नातवाच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक पाठाच्या शेवटी ‘स्वाध्याय’ असे शीर्षक असते आणि त्याखाली रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा असे प्रश्न असतात. परवा एका प्रवचनात ‘स्वाध्याय म्हणजे स्वतःचा, आपल्या अंतरंगाचा अभ्यास’ असे ऐकले. माझे आजोबा मात्र रोज सकाळी संध्येनंतर ब्रह्मयज्ञ करीत आणि त्यालाच स्वाध्याय म्हणत. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ कसे झाले आणि यांतला मूळचा कोणता?

उत्तर : मूळचा अर्थ आपल्या आजोबांचा. बाकीचे दोन अर्थ त्याच्याच पोटातून आले आहेत, पण ते कसे आले हे समजण्यासाठी शब्दाची फोड आधी नीट करावी लागेल, कारण या शब्दाच्या बाबतीत फोड चुकली की अर्थ फार लांब जातो.

‘अध्याय’ या शब्दाच्या मुळाशी ‘इ’ हा धातू आहे. त्याचा साधा अर्थ जाणे. त्याला ‘अधि’ हा उपसर्ग लागला की जाणे हे शिकणे होते. पाणिनीच्या धातुपाठात ‘इङ् अध्ययने’ असा हा धातू स्वतंत्रच दिला आहे आणि तो ‘अधि’वाचून कधी वापरला जात नाही. ‘अधीते’ म्हणजे तो शिकतो, ‘अधीत’ म्हणजे शिकलेले. याच धातूला प्रत्यय लागून ‘अध्याय’ शब्द सिद्ध होतो आणि त्यासाठी अष्टाध्यायीत ‘इङश्च’ (३.३.२१) असे वेगळे सूत्र आहे. अध्ययन, अध्यापक, उपाध्याय, अनध्याय ही सगळी त्याच घरातली माणसे. ग्रंथाच्या प्रकरणाला आपण अध्याय म्हणतो तेही यामुळेच, कारण एका बैठकीत किंवा एका टप्प्यात जेवढे शिकायचे तेवढा तो भाग. ‘स्वाध्याय’ शब्दात ‘ध्याय’ म्हणजे ध्यान आहे असे सांगणारे लोक भेटतात. ध्यानाचा धातू ‘ध्यै’ आहे आणि त्याचा या शब्दाशी संबंध नाही. उच्चार कानाला सारखा वाटतो, एवढेच.

आता ‘स्व’. येथे दोन मते आहेत. एका मताप्रमाणे शब्द ‘सु + आ + अध्याय’ असा फोडायचा, म्हणजे चांगल्या रीतीने, पुन्हापुन्हा आवर्तन करून केलेले अध्ययन. दुसऱ्या आणि अधिक सरळ मताप्रमाणे ‘स्व + अध्याय’, म्हणजे आपला अध्याय. मला दुसरे मत पटते, कारण जुन्या वाक्यांत हा शब्द ज्या जागी बसतो ती जागाच त्याच्या बाजूने साक्ष देते. ‘स्वाध्यायोऽध्येतव्यः’ हे वेदाध्ययनाचे प्रसिद्ध विधिवाक्य घ्या. ते शतपथ ब्राह्मण आणि तैत्तिरीय आरण्यक या दोन्ही वैदिक ग्रंथांत येते. त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वाध्याय शिकावा’ असा होतो. स्वाध्याय म्हणजे शिकण्याची क्रिया असे धरले तर ‘शिकणे शिकावे’ असे विचित्र वाक्य हाती येते. म्हणून मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, येथे स्वाध्याय म्हणजे शिकायचा ग्रंथ, आणि तोही आपल्या वाट्याला आलेला, आपल्या कुळात चालत आलेला वेदाचा भाग, असा अर्थ घेतला. ऋग्वेदी कुळातल्या मुलासाठी शाकल शाखेची संहिता हा त्याचा स्वाध्याय, शुक्ल यजुर्वेदी घरात माध्यंदिन शाखेची संहिता हा स्वाध्याय. शेताला जशी आपल्या वाट्याची जमीन म्हणतात, तसा हा आपल्या वाट्याचा पाठ. यातला ‘स्व’ म्हणजे आत्मा नव्हे, आणि ‘स्वतः एकट्याने’ हाही नव्हे. तो ‘माझ्या हवाली केलेले’ या अर्थाचा ‘स्व’ आहे.

हवाली कसे केले जात असे, ते वेदपाठशाळेत संथा चालू असताना ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. गुरुजी मंत्राचा एक तुकडा एकदा म्हणतात आणि समोर बसलेली मुले तोच तुकडा दोनदा म्हणतात. पुस्तक मध्ये येत नाही. माध्यंदिन शाखेची मुले असली तर आवाजाबरोबर उजवा हात स्वराप्रमाणे हलत असतो, आणि स्वर चुकला तर तो गुरुजींच्या कानाला कळतोच, पण हाताच्या जागेवरून डोळ्यालाही दिसतो. हे झाले अध्ययन, म्हणजे घेणे. घेतलेले मग घरी, नदीवर, झाडाखाली, मनात किंवा मोठ्याने, आयुष्यभर रोज म्हणत राहायचे. ते राखणे म्हणजे स्वाध्याय. पाठाला दिलेले नाव अशा रीतीने तो पाठ रोज म्हणण्याच्या क्रियेला मिळाले. मराठीत ‘ज्ञानेश्वरी लावली’ म्हणताना आपण ग्रंथाचे नाव घेतो आणि सांगतो मात्र वाचनाविषयी. तसेच हे झाले.

गृहस्थाने रोज करायच्या पंचमहायज्ञांपैकी जो ब्रह्मयज्ञ, तो हाच. ‘स्वाध्यायो वै ब्रह्मयज्ञः’ असे शतपथ ब्राह्मणाच्या अकराव्या कांडात स्पष्टच म्हटले आहे, आणि त्यापुढे स्वाध्यायाची जी प्रशंसा आली आहे ती मला वैदिक गद्यातल्या सर्वांत जिवंत भागांपैकी एक वाटते. अंगाला तेल लावून, नटून, पोटभर जेवून, मऊ बिछान्यावर पडलेला माणूसदेखील जर स्वाध्याय म्हणत असेल तर तो नखांच्या टोकांपर्यंत तप करीत असतो, असे तेथे म्हटले आहे. पाणी वाहते, सूर्य चालतो, चंद्र चालतो, नक्षत्रे चालतात. ज्या दिवशी स्वाध्याय झाला नाही त्या दिवशी माणसाची अवस्था या देवतांनी चालणे थांबवले तर जी होईल तशी होते, असेही त्याच ठिकाणी आहे. धातूचा अर्थच ‘जाणे’ असल्यामुळे हा दृष्टान्त केवळ अलंकार राहत नाही. ‘एत्यादित्यः’, सूर्य जातो, यातला ‘एति’ आणि ‘अधीते’तला ‘इ’ एकाच कुळातले आहेत आणि लिहिणाऱ्याच्या कानाला ते ऐकू येत असले पाहिजे.

तैत्तिरीय आरण्यकाच्या दुसऱ्या प्रपाठकात, म्हणजे प्रकरणात, या नित्यकर्माची रीत दिली आहे. गावाबाहेर पूर्वेला किंवा उत्तरेला, जेथून घरांची छपरे दिसत नाहीत अशा जागी जावे, दर्भावर बसावे आणि म्हणावे. ज्याला हे जमत नाही त्याच्यासाठी लगेच सवलतही आहे : गावातच मनातल्या मनात, दिवसा किंवा रात्री, उभ्याने, चालताना, बसून, पडून, जसे जमेल तसे करावे, पण करावे. येथे ‘अनध्याय’ या शब्दाकडेही पाहायला हवे. अनध्याय म्हणजे अध्ययनाची सुट्टी. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना आणि अवेळी गडगडाट होणे, वादळ सुटणे अशा अनेक प्रसंगी गुरूने पाठ देऊ नये आणि शिष्याने घेऊ नये, अशी लांबलचक यादी मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. नित्य स्वाध्यायाला मात्र या सुट्ट्या लागू नाहीत, असे तीच मनुस्मृती दुसऱ्या अध्यायात सांगते. आरण्यकात तर त्याला दोनच अनध्याय मानले आहेत, स्वतः अशुचि असणे आणि जागा अशुचि असणे. नवा पाठ घेण्याला खाडा चालतो, घेतलेला पाठ राखण्याला चालत नाही. अध्ययन आणि स्वाध्याय यांतला फरक या नियमात जितका स्वच्छ दिसतो तितका कोणत्याही व्याख्येत दिसत नाही.

शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतो तो तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आहे आणि पदवीदान समारंभांत आजही तो वाचला जातो. ‘सत्यं वद, धर्मं चर’ यांच्या पाठोपाठ त्यात ‘स्वाध्यायान्मा प्रमदः’, म्हणजे स्वाध्यायात चुकारपणा करू नकोस, असे आले आहे. शिक्षण संपले त्या दिवशी हे सांगितले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे स्वाध्याय हा विद्यार्थिदशेपुरता शब्द नव्हता हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही. त्याच वल्लीत थोडे आधी ऋत, सत्य, तप, दम, शम, अग्नी, अतिथी, प्रजा अशी एकेक गोष्ट घेऊन प्रत्येकीपुढे ‘स्वाध्यायप्रवचने च’, म्हणजे ‘आणि स्वाध्याय व प्रवचनही’, असे पालुपद बारा वेळा आले आहे. स्वाध्याय आणि प्रवचन, राखणे आणि पुढे देणे, ही जोडी उपनिषदाने कोठेही फोडलेली नाही. शेवटी तीन आचार्यांची मते दिली आहेत. सत्यवचा राथीतर म्हणतो सत्यच श्रेष्ठ, तपोनित्य पौरुशिष्टी म्हणतो तपच श्रेष्ठ, आणि नाक मौद्गल्य म्हणतो की स्वाध्याय आणि प्रवचन हेच, कारण तेच तप, तेच तप.

आता प्रवचनातल्या अर्थाविषयी. ‘स्वतःचा अभ्यास’ हा अर्थ व्याकरणाला सोडून नाही. ‘स्वस्य अध्यायः’ असा विग्रह करता येतो. पण जुन्या ग्रंथांचा आधार त्याला थेट मिळत नाही. पातंजल योगसूत्रात स्वाध्याय क्रियायोगाच्या तीन अंगांत आणि पाच नियमांत मोजला आहे, म्हणून तेथे तो आत्मपरीक्षणाच्या अर्थाने असावा असा पुष्कळांचा समज असतो. योगसूत्रांवरचे जुने व्यासभाष्य मात्र त्याचा अर्थ ‘ओंकारादी पवित्र मंत्रांचा जप किंवा मोक्षशास्त्रांचे अध्ययन’ असाच देते, आणि स्वाध्यायाचे फळ म्हणून सूत्रकार इष्टदेवतेची भेट सांगतात. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही ‘स्वाध्यायः स्याज्जपः’ एवढेच आहे. म्हणजे वेदपाठापासून जपापर्यंत आणि शास्त्रग्रंथांपर्यंत शब्द पसरला, पण अभ्यासाचा विषय तोपर्यंत शब्दच होता, अंतरंग नव्हे.

अर्थ पसरला हे फार चांगले झाले, आणि ते का, हेही सांगितले पाहिजे. वेदाच्या स्वाध्यायाचा अधिकार परंपरेने स्त्रियांना आणि शूद्रांना नाकारला होता. ‘आपल्या वाट्याचा पाठ’ ही कल्पना कितीही सुंदर असली तरी समाजातल्या बहुसंख्य माणसांच्या वाट्याला पाठ ठेवलेलाच नव्हता, ही गोष्ट या शब्दाचा इतिहास सांगताना झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात ‘स्वाध्यायाभ्यसन’ हे वाणीचे तप म्हटले आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानदेव आधी ऋग्वेदादी तीन वेदांची वाणीच्या घरात प्रतिष्ठा करून तोंडातच जणू ‘ब्रह्मशाळा’ उभारली जाते असे म्हणतात आणि लगेच पुढच्या ओवीत दार उघडतात :

नातरि एकाधें नांव । तेंचि शैव कां वैष्णव ।
वाचे वसे तें वाग्भव । तप जाणावें ॥

शिवाचे किंवा विष्णूचे एखादे नाव वाचेत वसले तरी ते तेच तप. एका ‘नातरि’ने, म्हणजे ‘नाही तर’ने, केवढे मोठे काम केले आहे ते पाहा. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, मराठीत हे सांगितले गेले आणि त्यानंतर ज्यांच्या वाट्याला संहिता नव्हती त्यांच्या वाट्याला नाम आले, हरिपाठ आला, गाथा आली.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात या शब्दाला दोन माणसांनी नवे बळ दिले. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधला आणि पुढे गुजरातेतील पारडीला ‘स्वाध्याय मंडळ’ चालवले आणि वेदांच्या संहिता शुद्ध छापून, त्यांचे अर्थ लावून, त्या कोणालाही वाचता येतील अशा केल्या. हा शब्दाचा जुनाच अर्थ, फक्त त्याचे कुंपण काढलेला. रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांनी मुंबईच्या माधवबागेतील श्रीमद्भगवद्गीता पाठशाळेतून जे काम उभे केले, त्याच्यामुळे ‘स्वाध्याय’ शब्द कोळीवाड्यांत आणि शेतकऱ्यांच्या घरांत बोलला जाऊ लागला. तेथे त्याचा अर्थ ‘स्व’चा शोध, आपल्यात राहणाऱ्या ईश्वराची ओळख, असा सांगितला गेला. आपण प्रवचनात ऐकलेल्या अर्थाचा आजचा प्रसार मुख्यतः या वाटेने झाला आहे. तो नवा अर्थ आहे, पण नवा म्हणजे खोटा असे नव्हे. प्रवचनकाराने ‘हाच मूळचा अर्थ’ असे म्हटले असेल तर तेवढे मात्र बरोबर नाही.

राहिला नातवाच्या पुस्तकातला स्वाध्याय. तेथे ‘स्व’चा अर्थ ‘स्वतः, दुसऱ्याने न सांगता’ असा घेतला आहे. शिक्षकांनी पाठ शिकवला, आता तुझा तू सोडव. गुरूकडून घेतल्यानंतर आपण एकट्याने करायचे ते, हा जुन्या अर्थाचा एक पदर त्यात खरोखर टिकून आहे. सुटला आहे तो रोजचेपणा, कारण पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय एकदा सोडवला की संपतो. आणि वेदपाठ म्हणजे नुसती घोकंपट्टी होती, निदान आजच्या स्वाध्यायात अर्थ कळावा लागतो, असे कोणी म्हणाले तर त्यांना वेदांतल्या शब्दांची उकल करणारे यास्कांचे निरुक्त दाखवावे. वेद शिकून ज्याला त्याचा अर्थ कळत नाही तो ओझे वाहणारा खांब, असे त्यांनी फार पूर्वी म्हणून ठेवले आहे.

प्रश्न : आम्ही जैन आहोत. माझी आई ‘सज्झाय’ म्हणते आणि मुनिमहाराज व्याख्यानात ‘स्वाध्याय’ म्हणतात. हे दोन्ही एकच का?

उत्तर : एकच. संस्कृतातील ‘ध्य’ प्राकृतात ‘ज्झ’ होतो, हा नियम आपण मराठीत रोज वापरतो, फक्त तो आपल्या ध्यानात येत नाही. ‘मध्य’चे प्राकृतात ‘मज्झ’ झाले आणि त्यातून आपले माजघर आले. ‘संध्या’ची ‘संझा’ आणि तिची सांज झाली. त्याच नियमाने ‘स्वाध्याय’चा ‘सज्झाय’ झाला. आपण रोज म्हणत असलेल्या णमोकार मंत्राच्या चौथ्या ओळीत ‘णमो उवज्झायाणं’ आहे, त्यातला ‘उवज्झाय’ म्हणजे उपाध्याय. हाच शब्द उत्तरेत झिजत ओझा आणि झा या आडनावांत उरला, तर महाराष्ट्रात संस्कृत रूपाला धरून उपाध्ये आणि पाध्ये झाला. पाली भाषेतही ‘सज्झाय’ शब्द आहे आणि तेथे सुत्ते मुखोद्गत करून ती म्हणणे हा त्याचा अर्थ आहे.

अर्थाच्या दृष्टीने जैन परंपरेने या शब्दाची जी उकल केली तितकी बारीक उकल मला दुसरीकडे आढळलेली नाही. सहा आभ्यंतर, म्हणजे आतल्या, तपांपैकी स्वाध्याय हे एक, आणि तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. वाचना म्हणजे ग्रंथ आणि त्याचा अर्थ देणे-घेणे. पृच्छना म्हणजे शंका विचारणे. अनुप्रेक्षा म्हणजे कळलेल्या अर्थाचे मनात चिंतन करणे. आम्नाय म्हणजे शुद्ध उच्चाराने पुन्हापुन्हा म्हणणे. आणि धर्मोपदेश म्हणजे दुसऱ्याला सांगणे. शंका विचारणे हा तपाचा भाग मानला आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. उत्तराध्ययनसूत्रात साधूच्या दिवसाचे चार प्रहर वाटून दिले आहेत : पहिला स्वाध्यायाचा, दुसरा ध्यानाचा, तिसरा भिक्षेचा आणि चौथा पुन्हा स्वाध्यायाचा. रात्रीही पहिला आणि चौथा प्रहर स्वाध्यायालाच दिला आहे, झोपेच्या वाट्याला फक्त तिसरा आला आहे. आपल्या आई ज्या गुजराती पदांना सज्झाय म्हणत असतील, ती या शब्दाची आणखी एक शाखा. स्वाध्यायात म्हणायची म्हणून त्या पदांनाच ते नाव पडले. पाठाचे नाव क्रियेला मिळाले असे वर म्हटले, येथे क्रियेचे नाव पदाला मिळाले.

प्रश्न : ‘स्वध्याय’ असे लिहिलेले काही पत्रिकांत पाहिले. ते चालेल का? आणि पारायण व स्वाध्याय यांत फरक काय?

उत्तर : चालणार नाही. ‘स्व’मधला शेवटचा अ आणि ‘अध्याय’मधला पहिला अ मिळून आ होतो, म्हणून ‘स्वाध्याय’ हेच रूप शुद्ध.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही पहिल्या उत्तरात आलेल्या ‘इ’ धातूपाशीच सापडते. पारायण म्हणजे ‘पार’ आणि ‘अयन’. अयन म्हणजे जाणे, तेही त्याच धातूचे. पारायण म्हणजे पलीकडच्या काठाला जाणे, ग्रंथ आरंभापासून शेवटापर्यंत वाचून काढणे. त्यामुळे त्याला दिवस ठरलेले असतात आणि समाप्ती असते. स्वाध्यायाला पलीकडचा काठ नाही. त्यात ग्रंथ संपवायचा नसतो, आपल्याकडे असलेला ग्रंथ आज म्हणायचा असतो, आणि उद्या पुन्हा. किती म्हणायचा, यावर शतपथ ब्राह्मणाचे उत्तर उदार आहे : काहीच जमले नाही तर एक ऋचा, एक यजुस्, एक साम किंवा एखादी गाथा म्हणावी, व्रत तुटू नये म्हणून.